अधिक-उणे किती?

प्रवाळाचं वय काढण्याच्या कामात सगळ्यात जास्त वेळ जातो तो प्रवाळ नाकारण्यात. बाहेरच्यांना हे सांगितलं तर पटत नाही. मास स्पेक्ट्रोमीटरचा फोटो पाहिला आणि त्याची किंमत ऐकली, की लोक समजतात, एका बाजूनं दगड घातला की दुसऱ्या बाजूनं वय बाहेर पडतं. पडतं, खरं आहे. कुठलाही दगड घाला, आकडा पडतोच. तीच तर अडचण आहे.

पुण्यातून भूशास्त्रात एम.एस्सी. करून मी अमेरिकेतल्या एका लॅबमध्ये या कामाला लागले. घर रत्नागिरीचं, तेव्हा समुद्र नवा नव्हता. पण आमच्याकडे किनाऱ्यावर बघावं तिकडं जांभा नाहीतर काळा पत्थर. पाण्याबाहेर उचलली गेलेली प्रवाळभिंत मी पहिल्यांदा पाहिली ती बार्बाडोसमध्ये. तिकडं जाणार म्हटल्यावर बाबा म्हणाले, "सोबर्सचं गाव ते. एकाहत्तर साली तिथंच सरदेसाईंनी दीडशे काढले, आणि गावसकरनं दुसऱ्या डावात नाबाद ११७." माझ्या दगडांमध्ये त्यांना रस असायचा तो इतकाच.

बार्बाडोसचा बहुतेक भाग प्रवाळी चुनखडीनं झाकलेला आहे. बेट हजार वर्षांना साधारण ३० ते ४५ सेंटीमीटर या चालीनं वर येतंय, आणि समुद्र हिमयुगांच्या तालावर खाली-वर होतोय. समुद्र जेव्हा जेव्हा वर येऊन थबकला, तेव्हा तेव्हा एक भिंत वाढली. मग समुद्र उतरला, बेट उचललं गेलं आणि भिंत कोरड्यावर राहिली. किनाऱ्याकडून आत चालू लागलं की उसाच्या शेतांमधून एकेक टप्पा चढत जावं लागतं, आणि प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा जुना. वॉलेस ब्रोकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये इथल्या टप्प्यांची वयं काढली, तेव्हा साधारण ८२, १०३ आणि १२२ हजार वर्षं असे आकडे आले. पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि आसाच्या बदलांमुळं हिमयुगं येतात-जातात, हा मिलँकोविचचा विचार तोवर बऱ्याच जणांनी बाजूला टाकला होता. या आकड्यांनी तो पुन्हा चर्चेत आणला.

आम्हाला हवा असतो तो अॅक्रोपोरा पाल्माटा, म्हणजे एल्कहॉर्न कोरल. जाड, चपट्या फांद्यांचा हा प्रवाळ मुख्यतः पाण्याच्या वरच्या पाच मीटरमध्ये वाढतो. त्यामुळं तो जिथं वाढला तिथंच, उभा सापडला, तर त्याच्या वयाबरोबर तेव्हाची समुद्रपातळीही हातात येते. रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथं अशा फांद्या दिसतात. पण उभा आहे की लाटेनं आणून टाकलेला, हे नीट बघावं लागतं. वादळानं फेकलेल्या तुकड्याचं वय अचूक काढलं तरी समुद्रपातळीसाठी ते बिनकामाचं.

पद्धत तशी सरळ आहे. समुद्राच्या पाण्यात युरेनियम विरघळतं, दर लिटरला सुमारे ३.३ मायक्रोग्रॅम. थोरियम जवळजवळ विरघळतच नाही. ते कणांना चिकटतं आणि तळाला जातं. प्रवाळ आपला सांगाडा बांधताना पाण्यातलं युरेनियम आत घेतो, सांगाड्याच्या दहा लाख भागांत साधारण तीन भाग, पण थोरियम घेत नाही म्हटलं तरी चालेल. म्हणजे जन्मताना युरेनियम आहे आणि थोरियम-२३० नाही. पुढं युरेनियम-२३८ पासून युरेनियम-२३४ आणि त्यापासून थोरियम-२३० तयार होत राहतं. थोरियम किती साठलं ते मोजायचं आणि मागं हिशेब करायचा. पाच-सहा लाख वर्षांपर्यंत हे चालतं. त्यापुढं जितकं थोरियम तयार होतं तितकंच मोडतं, म्हणजे समतोल येतो, आणि हिशेबाला काही उरत नाही.

या सगळ्यात एक गृहीत आहे: प्रवाळ मेल्यानंतर त्यात बाहेरून काही आलं नाही आणि आतून काही गेलं नाही. बार्बाडोसमध्ये सव्वा लाख वर्षं पाऊस पडतोय, आणि तो त्याच चुनखडीतून झिरपतोय. तेव्हा हे गृहीत किती भाबडं आहे ते वेगळं सांगायला नको.

सुदैवानं निसर्गानं एका दगडात दोन साक्षीदार ठेवलेत. एक थोरियम-२३०. दुसरा युरेनियम-२३४. समुद्राच्या पाण्यात युरेनियम-२३४ ची किरणोत्सारी क्रिया युरेनियम-२३८ च्या सुमारे १.१४७ पट असते. प्रवाळ पाण्यातून नेमकं हेच गुणोत्तर उचलतो, आणि मग ते हळूहळू एकाकडे उतरू लागतं. थोरियमवरून आलेलं वय धरून आपण हे गुणोत्तर मागं नेलं, तर जन्माच्या वेळी ते १.१४७ च्या आसपास यायला हवं. आलं, तर दोघांची जबानी जुळली. १.१७ आलं, तर कुणीतरी खोटं बोलतंय, आणि बहुतेक वेळा दोघंही.

या ताळ्यालाही एक कोपरा मोकळा राहतो. सव्वा लाख वर्षांपूर्वी समुद्रातलं गुणोत्तर आजच्याइतकंच होतं, हे कशावरून? युरेनियम समुद्रात तीन-चार लाख वर्षं टिकून राहतं, म्हणून ते भराभर बदलू शकत नाही, हे एक उत्तर. पण हिमयुगात ते थोडं कमी असावं असं सुचवणारी मोजमापंही आहेत. त्यामुळं किती फरक चालवून घ्यायचा, या प्रश्नावर प्रत्येक लॅबची आपापली रेघ असते आणि परिषदांमध्ये चहाच्या वेळेत त्यावरून हमखास जुंपते.

गंमत अशी, की जुन्या लोकांना हा त्रास नव्हता. कोरलमधलं थोरियम आणि युरेनियम यांच्या गुणोत्तरावर बार्न्स, लँग आणि पोट्रात्झ यांचा निबंध १९५६ साली आला. त्यानंतर तीस वर्षं सगळं काम अल्फा कण मोजून चालायचं. बरेच ग्रॅम प्रवाळ विरघळवायचा, काउंटरखाली ठेवायचा आणि कण पडण्याची दिवसेंदिवस वाट बघायची. बी. एल. के. सोमयाजुलू यांनी ब्रोकर आणि गोडार्ड यांच्याबरोबर भारतीय प्रवाळांच्या वयांवर १९८५ साली निबंध लिहिला, तोही याच काळातला. सव्वा लाख वर्षांच्या नमुन्यावर अधिक-उणे पाच ते दहा हजार वर्षं ही चूक तेव्हा चांगली समजली जायची. एवढ्या जाड पट्ट्यात युरेनियम-२३४ ची कुरबुर ऐकूच येत नव्हती. दोन नमुन्यांची वयं चार हजारांनी वेगळी आली तरी ती एकच मानता यायची.

मग १९८७ मध्ये लॅरी एडवर्ड्स, जे. एच. चेन आणि जेराल्ड वासरबर्ग यांनी कॅलटेकमध्ये अणू मोडण्याची वाट न बघता मास स्पेक्ट्रोमीटरनं अणूच मोजले. चूक एकदम हजार वर्षांच्या आसपास आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या रास्तच होत्या. पण त्याबरोबर हेही उघड झालं की एकाच टप्प्यावरचे, एकमेकांना खेटून वाढलेले प्रवाळ वेगवेगळी वयं सांगतायत, आणि त्यांची सुरुवातीची युरेनियम गुणोत्तरं समुद्राशी जुळत नाहीत. बरं, हा विस्कळीतपणा वाटेल तसा नव्हता. ज्याचं गुणोत्तर जास्त, त्याचं वयही जास्त. १९९४ मध्ये क्रिस्टिना गॅलप आणि सहकाऱ्यांनी बार्बाडोसच्या नमुन्यांवरून हे नीट मांडलं. ढोबळ मानानं, गुणोत्तर हजारात चारनं चढलं की वय हजार वर्षांनी फुगतं.

असं का व्हावं, याचं २००३ मध्ये विल्यम थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी दिलेलं उत्तर मला या विषयातल्या सगळ्यात देखण्या गोष्टींपैकी एक वाटतं. युरेनियम-२३८ चा अणू मोडतो तेव्हा अल्फा कण एका दिशेला सुटतो आणि उरलेला अणू उलट दिशेला धक्का खातो. बंदुकीच्या दस्त्याचा खांद्याला बसतो तसला. अंतर मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपासचं, पण अणू जर कणाच्या कडेला असेल, तर तो उडून बाहेर पाण्यात पडतो. बाहेर पडलेला अणू थोरियम-२३४ चा. पाण्यात थोरियम टिकत नाही, जो पृष्ठभाग मिळेल त्याला चिकटतं. चोवीस दिवसांच्या अर्धायुष्यानं ते मोडतं आणि लवकरच युरेनियम-२३४ होतं. थोरियम-२३० चंही तसंच. म्हणजे भिंतीतल्या एका जागेचे अणू पाण्यातून दुसऱ्या जागी जाऊन बसतात, आणि तिथल्या प्रवाळात युरेनियम-२३४ व थोरियम-२३० दोन्ही एकदमच वाढतात. म्हणून गुणोत्तरही चढतं आणि वयही. हे गणितात बसवलं की चढलेल्या वयातून मूळ वय काढता येतं, असा त्यांचा दावा. बार्बाडोसला तो बऱ्यापैकी लागू पडतो. दुसरीकडे कुठं युरेनियम आत झिरपलेलं असतं, कुठं वाहून गेलेलं, तिथं हाच हिशेब चालवला तर नुसती समाधानकारक दिसणारी चूक मिळते. मी स्वतः दुरुस्त केलेलं वय वापरायला कचरते. दुरुस्तीची गरज न पडणारा तुकडा सापडेपर्यंत शोधत राहावं, या मताची मी आहे.

आणि शोधणं म्हणजे चिमट्यानं शोधणं. हे काम मी बरीच वर्षं केलं, आणि अजूनही नवीन मुलांना शिकवायची वेळ आली की मायक्रोस्कोपसमोरच्या स्टुलावरच बसते. हिऱ्याच्या पात्याच्या करवतीनं फांदीचा काप काढायचा, तो फोडून दोन-तीन मिलिमीटरच्या चिपा करायच्या, शुद्ध पाण्यात अल्ट्रासोनिकमध्ये ठेवायच्या. पाणी दुधासारखं होतं. ओतायचं, नवीन घालायचं, पुन्हा. पाणी नितळ राहू लागलं की चिपा वाळवून काळ्या कागदावर पसरायच्या आणि बघत बसायचं.

आमच्याकडे कोल्हापूरची एक मुलगी पीएच.डी.ला आली होती. तिनं पहिल्याच दिवशी एक चिप उचलून दाखवली.

"ताई, ही बघा किती स्वच्छ आहे. काचेसारखी चमकतेय."

"म्हणूनच टाक."

ती बघतच राहिली. प्रवाळ सांगाडा बांधतो तो अॅरॅगोनाइटचा. त्याच्या सुया इतक्या बारीक असतात की चिप पांढरी, रेशमी, जराशी मंद दिसते. पावसाच्या पाण्यानं अॅरॅगोनाइट विरघळून तिथं कॅल्साइट बसलं की साखरेच्या दाण्यासारखे पैलू चमकू लागतात. तेवढ्यात युरेनियम किती गेलं नि किती आलं, याचा पत्ता लागत नाही. एक्स-रे डिफ्रॅक्शननं कॅल्साइट एक-दोन टक्क्यांपर्यंत पकडता येतं, म्हणून सगळे जण निबंधात तो आकडा ठळकपणे देतात. पण एक्स-रेला फसवणारी आणखी एक गोष्ट आहे. भिंत समुद्रात असतानाच प्रवाळाच्या पोकळ्यांमध्ये नवीन सुया वाढतात, आणि त्याही अॅरॅगोनाइटच्याच. यंत्र म्हणतं, शंभर टक्के अॅरॅगोनाइट, उत्तम. भिंगाखाली मात्र पोकळीच्या कडेनं आत टोकं केलेली दाट झालर दिसते. ती प्रवाळानंतर कधीतरी वाढलेली, म्हणजे तिच्यामुळं वय कमी येणार. मग पातळ काप करून, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघून तो भाग टाळायचा. शिवाय शिंपल्यांनी आणि स्पंजांनी पोखरलेली भोकं, भोकांमध्ये भरलेला गाळ. गाळ म्हणजे मातीतलं साधं थोरियम-२३२ आलंच, आणि त्याच्याबरोबर प्रवाळात तयार न झालेलं थोरियम-२३०.

दिवसअखेर त्या मुलीच्या कुपीत शंभर मिलिग्रॅमही जमलं नव्हतं. तेवढं पुरतं. पण शंभर मिलिग्रॅम प्रवाळात युरेनियम असतं सुमारे ३०० नॅनोग्रॅम, आणि नमुना सव्वा लाख वर्षांचा असेल तर थोरियम-२३० जेमतेम चार पिकोग्रॅम. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख-कोटीवा भाग. पुढच्या खोलीत आम्ही डोक्यापासून पायापर्यंत झाकून जातो ते यासाठी.

केमिस्ट्रीबद्दल थोडक्यात सांगते, कारण ती स्वयंपाकासारखी करून शिकायची गोष्ट आहे. नायट्रिक अॅसिडमध्ये विरघळवायचं, स्पाइक (त्याबद्दल पुढं) घालायचा, लोहाबरोबर साक्यात उतरवायचं, रेझिनच्या कॉलममधून युरेनियम आणि थोरियम वेगळं करायचं. थोरियम टेफ्लॉनच्या भिंतीला चिकटून बसतं, म्हणून हायड्रोफ्लोरिक अॅसिडचा अंश ठेवावा लागतो. प्रत्येक बॅचबरोबर एक रिकामी कुपी तेवढ्याच अॅसिडांतून फिरवायची. तिच्यात जे सापडेल तो आपला ब्लँक, म्हणजे लॅबनं स्वतःहून घातलेलं थोरियम. जुन्या नमुन्यात तो नगण्य. दोन-तीनशे वर्षांच्या नमुन्यात तो आणि प्रवाळ यांच्यात चुरस लागते.

तरुण प्रवाळांचं दुखणंच वेगळं. सुमात्राच्या मेंताव्हाई बेटांवर भूकंपात किनारा उचलला गेला की तिथले सूक्ष्म-अॅटॉल नावाचे प्रवाळ वरच्या बाजूनं मरतात. १७९७ आणि १८३३ या दोन महाभूकंपांचा मागोवा केरी सीह, डॅनी नटाविजाजा आणि सहकाऱ्यांनी त्यांच्यावरून घेतला. दोन भूकंपांमध्ये अंतर ३६ वर्षांचं. तेव्हा चूक वीस-पंचवीस वर्षांची झाली तर कोणता प्रवाळ कोणत्या भूकंपात मेला हे सांगता येत नाही. इथं पाण्यातून झिरपलेल्या अणूंची काळजी नाही, एवढ्या थोड्या काळात ते होतच नाही. इथं प्रश्न असतो तो जन्मतःच चिकटून आलेल्या थोरियमचा. थोरियम-२३२ मोजून तो वजा करतात. पण वजा करताना त्याच्यासोबतच्या थोरियम-२३० चं प्रमाण गृहीत धरावं लागतं, आणि ते जागेनुसार बदलतं. मग एकाच प्रवाळातले अनेक तुकडे मोजायचे, त्यातून ते प्रमाण काढायचं आणि जोडीला प्रवाळाची वार्षिक वलयं मोजायची. वलयं मोजताना मास स्पेक्ट्रोमीटरवाल्यांचा अहंकार थोडा कमी होतो, ते एक बरं.

आता स्पाइकचं. युरेनियम-२३३, युरेनियम-२३६ आणि थोरियम-२२९ यांचं हे मिश्रण, मापट्याचं काम करतं. आपल्या नमुन्यातलं सगळं त्याच्याशी ताडून काढलेलं असतं. मापटं अर्ध्या टक्क्यानं चुकलेलं असेल, तर त्या लॅबमधून निघालेलं प्रत्येक वय त्याच दिशेला सरकतं. पुनरावृत्ती करून हे कळत नाही. उलट सगळे नमुने एकमेकांशी छान जुळतात. म्हणून समतोलात पोहोचलेलं, खूप जुनं युरेनियम खनिज मोजून मापटं तपासायची पद्धत आहे. यासाठी जगभर हार्वेलच्या एका युरेनिनाइटचं द्रावण फिरतं. त्याचे सगळे नमुने अगदी समतोलात नाहीत, असं पुढं दिसून आलं.

याहूनही खोलात गेलं की अर्धायुष्यं येतात. मी शिकले तेव्हा थोरियम-२३० चं अर्धायुष्य ७५,६९० वर्षं आणि युरेनियम-२३४ चं २,४५,२५० वर्षं होतं, हाइ चेंग आणि सहकाऱ्यांचे २००० सालचे आकडे. त्याआधी थोरियमसाठी ७५,३८० वापरायचे. २०१३ मध्ये चेंग यांनीच ते पुन्हा मोजले: ७५,५८४ आणि २,४५,६२०. फरक किरकोळ दिसतो. पण अधिक-उणे काही शतकांचा दावा करणाऱ्या माणसाला तो किरकोळ राहत नाही. शिवाय हे आकडे काढले कशावरून? समतोलातल्या खनिजांवरून. समतोल आहे हे कशावरून? कुठंतरी वर्तुळ पूर्ण होतं, आणि ते शक्य तितकं मोठं ठेवणं एवढंच माणसाच्या हातात असतं.

यामुळं जुने निबंध वाचताना मी आधी शेवटचे तक्ते उघडते. ज्यांनी फक्त वय छापलं, ते काम आज जवळजवळ वाया गेलं. कोणतं अर्धायुष्य, कोणता स्पाइक, किती थोरियम-२३२, काहीच माहीत नसल्यानं ते नव्यानं मांडता येत नाही. ज्यांनी मोजलेली गुणोत्तरं जशीच्या तशी दिली, त्यांच्या आकड्यांवर आज बसून नवीन वय काढता येतं. त्यांनी नमुने कदाचित आमच्यापेक्षा वाईट मोजले असतील. तरी त्यांचं काम उभं आहे.

त्या कोल्हापूरच्या मुलीच्या निबंधाच्या तक्त्यात एका टप्प्यावरचे चार-पाच नमुने होते, उत्कृष्ट मोजलेले, अधिक-उणे पाचशे वर्षं, आणि सगळ्यांचं गुणोत्तर चढलेलं. सहलेखकांपैकी एकाचं म्हणणं, थॉम्पसनचं सूत्र लावा आणि वयं छापा, नाहीतर हा टप्पा नकाशावर कोराच राहील. तिनं मला फोन केला.

"ताई, मग वयाच्या रकान्यात काय लिहू?"

मी म्हटलं, गुणोत्तरं सगळी दे, एकही गाळू नकोस. चिपांचे फोटो पुरवणीत लाव. सूत्रानं आलेलं वय द्यायचंच असेल तर वेगळ्या रकान्यात, वेगळ्या अक्षरात दे, आणि समुद्रपातळीच्या आलेखात ते बिंदू घालू नकोस. ती म्हणाली, सर ऐकणार नाहीत. मग मला ईमेलमध्ये घे म्हटलं. तो वाद अजून चालू आहे, आणि माझ्या अंदाजानं निबंध छापून आल्यावरही चालू राहील.